रडत नाहीये, पाणी गळतंय

पत्र: माझं वय ५८. दोन्ही डोळ्यांतून सतत पाणी येतं, डाव्यातून जास्त. वारा नसला, घरात नुसती बसले असले तरी येतं. पुसून पुसून खालच्या पापणीखालची कातडी सोलवटली आहे, वाचताना अक्षरं पाण्याखाली गेल्यासारखी दिसतात. पू नाही, सूज नाही, दुखत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पिचकारीने पाणी घालून पाहिलं. थोडं घशात उतरलं, थोडं उलट आलं. म्हणाले, “नलिका अरुंद झाली आहे, पूर्ण बंद नाही. सिलिकॉनची नळी घालू, काही महिन्यांनी काढून टाकू.” डोळ्यात नळी ही कल्पनाच मला सहन होत नाही. शेजारच्या बाईंचं याच त्रासासाठी हाड कापून ऑपरेशन झालं. त्या म्हणतात, तेच करून टाका, नळ्याबिळ्यांच्या नादी लागू नका. जाऊबाई म्हणतात मालिश करा, त्यांच्या नातवाचं मालिशनेच थांबलं. मोतीबिंदूही सुरू झालाय म्हणे. मी काय करू? जाता जाता: तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि केमो झाली. दर आठवड्याला सलाईन लावत. आता सगळं ठीक आहे, रोज एक गोळी चालू आहे. पाणी बहुधा तेव्हापासूनच येत असेल, पण तेव्हा त्याकडे कोण बघतं! घरच्यांना वाटतं मी लपून रडते.

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ‘जाता जाता’ म्हणून शेवटी लिहिली आहे. केमोची. बहुतेक जण असंच करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्याचं सांगायचं, कर्करोगाचं त्या डॉक्टरांना सांगून झालंच आहे, असा आपला सरळ हिशोब असतो. तुमच्या बाबतीत ही दोन खाती एकच निघण्याची बरीच शक्यता आहे. तेव्हा पुढचं वाचण्याआधी जुनी फाईल काढा आणि केमोच्या कागदांवर डोसेटॅक्सेल हे नाव दिसतं का ते बघा. टॅक्सोटिअर या नावानेही ते असू शकेल.

हे औषध रक्तातून अश्रूंत उतरतं. अश्रू ज्या बारीक वाटेने नाकात जातात, त्या वाटेच्या आतल्या अस्तराला त्याने सूज येते आणि सूज बराच काळ राहिली की अस्तराखाली चट्ट्यासारखी कडक ऊती तयार होऊन वाट आवळत जाते. त्रास बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो, तुमच्यासारखाच. तीन आठवड्यांतून एकदा डोस घेणाऱ्यांपेक्षा दर आठवड्याला घेणाऱ्यांमध्ये तो जास्त दिसतो. काहींचं पाणी औषध थांबल्यावर आपोआप कमी होतं, काहींची वाट कायमची अरुंद राहते. पण दर आठवड्याला सलाईन एवढ्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही. पॅक्लिटॅक्सेल हे याच घराण्यातलं औषधही बऱ्याचदा आठवड्याला देतात आणि हा त्रास मुख्यतः डोसेटॅक्सेलचा आहे. ५-फ्लुरोयुरॅसिल आणि शरीरात गेल्यावर त्याच औषधात बदलणारी कॅपेसिटाबिनची गोळी यांनीही अश्रूंच्या वाटा अरुंद होऊ शकतात. म्हणून नाव हवं. फाईल सापडली नाही तर जिथे केमो झाली तिथे विचारा, नोंद असते.

यातलं काहीच घेतलं नव्हतं असं निघालं, तर मग वयानुसार येणारं अरुंदपण समजायचं. ते पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. तसं असेल तरी मी पुढे लिहितोय त्यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त घाई कमी.

आता नळीबद्दल. तुमची भीती मला ‘डोळ्यात नळी’ या दोन शब्दांतच दिसली. नळी डोळ्यात नसते, डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात जाणाऱ्या वाटेत असते. ती वाट कशी आहे हे एकदा नीट समजून घेतलंत तर शेजारच्या बाईंचा सल्ला, जाऊबाईंचा सल्ला आणि डॉक्टरांचा सल्ला तिन्ही आपापल्या जागी बसतील.

आरशासमोर उभ्या राहा आणि खालची पापणी नाकाजवळच्या टोकाशी किंचित बाहेर वळवून बघा. कडेला एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसेल. तसाच एक वरच्या पापणीलाही असतो. ही अश्रूंच्या मोरीची दोन तोंडं, जेमतेम ०.३ मिलिमीटरची. प्रत्येक तोंडातून एक बारीक नलिका निघते: आधी २ मिलिमीटर पापणीत उभी, मग काटकोनात वळून साधारण ८ मिलिमीटर आडवी, नाकाच्या दिशेने. बहुतेकांमध्ये वरची आणि खालची नलिका शेवटी एक होतात आणि अश्रुपिशवीत शिरतात. ही पिशवी नाकाच्या मुळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिच्या तळातून एक जाडसर नलिका हाडाच्या बोगद्यातून खाली उतरते आणि नाकात अगदी खालच्या भागात उघडते. रडलं की नाक का वाहतं आणि डोळ्यात थेंब टाकले की घसा कडू का होतो, त्याचं उत्तर हेच. डोळा मिटला की पापणीचा स्नायू या नलिका आणि पिशवी दाबून सोडतो. म्हणजे प्रत्येक पापणीच्या उघडझापीला एक छोटा पंप चालतो.

तेव्हा वाट अडण्याच्या मुख्य जागा दोन. एक वरच्या, केसासारख्या बारीक नलिकांत. दुसरी खालच्या, हाडातल्या जाड नलिकेत. वयाने जे अरुंद होतं ते बहुधा खालचं. डोसेटॅक्सेल खालच्या भागालाही सोडत नाही, पण त्याची खोड विशेष करून वरच्या बारीक नलिकांची.

शेजारच्या बाईंचं जे ऑपरेशन झालं त्याला डॉक्टर डीसीआर म्हणतात. इटलीतल्या टोटी नावाच्या सर्जनने १९०४ मध्ये ते मांडलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे: खालची हाडातली नलिका बंद झाली ना, मग तिला सोडून द्या, पिशवी आणि नाक यांच्यामधलं थोडं हाड काढून पिशवीचं तोंड थेट नाकात उघडा. पूर्वी बाहेरून त्वचेला छेद देऊन करत, अजूनही करतात, आता नाकातून दुर्बिणीनेही करतात. चांगल्या हातात दहापैकी साधारण नऊ जणांना गुण येतो. बाईंना आला यात नवल नाही आणि त्यांनी शिफारस केली यातही नाही. पण त्यांचा अडथळा पिशवीच्या खाली असणार. तुमचा पिशवीच्या वर असेल तर नुसतं डीसीआर करणं म्हणजे मोरीचं तोंड तुंबलेलं असताना अंगणातला पाट रुंद करण्यासारखं होईल. पाणी पाटापर्यंत पोचायला तर हवं!

त्यामुळे डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न, ‘नळी घालू का नको’ हा नाही. ‘माझी वाट नेमकी कुठे अरुंद आहे?’ हा. तुम्ही लिहिलंय की पिचकारीचं पाणी थोडं उलट आलं. कुठून? ज्या छिद्रातून सुई घातली त्याच छिद्रातून परत आलं असेल, तर अडथळा जवळच, त्याच बारीक नलिकेत. खालच्या छिद्रातून घातलेलं पाणी वरच्या छिद्रातून बाहेर आलं असेल, तर दोन्ही नलिका जिथे एक होतात तिथपर्यंतची वाट मोकळी, अडचण त्याच्या पुढे. बारीक सळई हळूच आत सरकवून पाहिली तरी हाताला कळतं: ती हाडाला टेकून टक्क थांबली तर पिशवीपर्यंत वाट आहे, मऊ काहीतरी लागून रबरासारखी अडली तर नाही. डॉक्टरांनी हे सगळं टिपलं असेलच. आपण विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत, एवढंच.

शिवाय एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिच्यामुळे चांगल्या घातलेल्या नळ्याही वाया जातात. पाणी येण्याची कारणं दोन जातींची असतात: मोरी तुंबली, किंवा नळच जास्त सुटला. कोरडे डोळे हे डोळ्यांतून पाणी येण्याचं एक नेहमीचं कारण आहे. ऐकायला उलटं वाटतं खरं. डोळ्याचा पृष्ठभाग कोरडा पडून चुरचुरला की मेंदू अश्रूंची मोठी ग्रंथी एकदम सोडतो, आणि ते पातळ पाणी गालावर येतं. तुमची रोजची गोळी हार्मोनची असणार. त्यातल्या काही गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये डोळे कोरडे पडण्याची तक्रार आढळते. (म्हणून गोळी बंद करायची नाही. हे मी दोनदा लिहिलं असतं तरी चाललं असतं.) कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटं अडकवून ती किती भिजते ते बघणं ही साधी तपासणी आहे. डोळ्यात नारिंगी रंग टाकून ५ मिनिटांनी तो किती उरला ते बघणं ही दुसरी. रंग तसाच तळ्यासारखा साचून राहिला तर निचरा अडलाय हे स्पष्टच. खालची पापणी सैल पडून बाहेर वळली आहे का, एखादा केस आत वळून टोचतोय का, पापण्यांच्या कडांना सूज आहे का हेही त्याच बैठकीत बघून होतं. वारा नसताना, घरात बसून पाणी येतं असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला तुमचा प्रश्न निचऱ्याचाच वाटतो. पण दोन्ही एकदम असू शकतात, आणि तसं असेल तर नळी यशस्वी होऊनही थोडं पाणी राहील. ते आधी माहीत असलेलं बरं.

आता नळी. अगदी मऊ, पारदर्शक, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक. तिच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की अश्रू तिच्या आतून वाहतात, पन्हळीतून वाहावेत तसे. ती पाणी वाहून नेण्यासाठी घालतच नाहीत. कान टोचल्यावर भोक बुजू नये म्हणून त्यात दोरा किंवा काडी ठेवतात, तसं हिचं काम. डॉक्टर सळईने वाट मोकळी करतात, पण मोकळी केलेली वाट आतून ओली जखमच असते, तिच्या भिंती पुन्हा चिकटायला बघतात. नळी मध्ये राहून त्यांना चिकटू देत नाही. आतलं अस्तर तिच्याभोवती भरून येतं. भरून आलं की नळीचं काम संपलं. पाणी जे काही जातं ते तिच्या बाजूबाजूने जातं. म्हणूनच नळी आत असताना पाणी पूर्ण थांबलं नाही तर ‘फसलं’ म्हणून घाबरायचं नाही. अरुंद वाटेत तीही थोडी जागा अडवून बसलेली असते. खरा निकाल ती काढल्यानंतर लागतो.

घालतात कशी ते सांगतो, कारण माहीत नसलेल्या गोष्टीची भीती जास्त. डोळ्याभोवती आणि नाकात बधीर करून, सोबत गुंगीचं औषध देऊन करता येतं, किंवा पूर्ण भूल देऊन. तुम्हाला कल्पनाच सहन होत नाही, तेव्हा पूर्ण भुलीबद्दल बोलून बघा, त्यात कमीपणा काही नाही. नाकात औषधात भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात, म्हणजे आतली सूज उतरते आणि रक्त कमी येतं. पापणीवरची दोन्ही छिद्रं जरा रुंद करतात. नळीच्या दोन्ही टोकांना बारीक धातूच्या सळया असतात. एक वरच्या छिद्रातून, एक खालच्या छिद्रातून अशा घालून दोन्ही नाकात उतरवतात, नाकातून बाहेर काढतात, सळया सोडवून घेतात आणि नळीची टोकं नाकातच एकमेकांना गाठ मारून ठेवतात. त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या छिद्रांच्या मध्ये, नळीचा इवलासा फेर तेवढा उरतो. समोर बसलेल्या माणसाला तो सांगितल्याशिवाय दिसत नाही. अडचण एकाच बारीक नलिकेत असेल तर छिद्राशी बुचासारखी बसणारी, एकाच नलिकेत राहणारी आखूड नळीही असते, तिला नाकात गाठ लागत नाही. साधारण अर्ध्या तासाचं काम, बहुधा त्याच दिवशी घरी. टाका नाही, चेहऱ्यावर व्रण नाही, आणि दृष्टीच्या भागाला हात लागत नाही.

पहिले दोन दिवस नाकातून थोडं रक्तमिश्रित पाणी येईल, कोपऱ्याशी जरा निळसर दिसेल. थेंब आणि नाकातला फवारा सांगितल्याप्रमाणे. आठवडाभर नाक जोराने शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या, नाक दाबून धरू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने थांबवू नका.

आणि मग सवयीचा प्रश्न येतो. तीन वर्षं तुम्ही डोळे पुसताय, हात आपोआप जाणार. बाहेरून कानाकडे ओढत पुसलंत की पापणी ताणली जाते आणि नळीचा फेर कोपऱ्यातून बाहेर ओढला जातो. नळीच्या तक्रारींपैकी पुष्कळशा इथेच सुरू होतात. टिपायचं, चोळायचं नाही, आणि टिपताना बोट नाकाच्या दिशेने. स्वच्छ मऊ रुमाल दाबून धरायचा, बस. त्यानेच सोलवटलेली कातडीही सुधारेल. तिच्यावर झोपताना साध्या व्हॅसलिनचा पुसट हात पुरे, सुगंधी मलमं नकोत.

एखाद्या सकाळी उठाल आणि डोळ्यात लांबलचक पारदर्शक दोरा लोंबताना दिसेल. असं होतं कधीकधी, झोपेत डोळा चोळला गेला की. बघून पोटात गोळा येईल, पण डोळ्याला लगेच धोका नसतो. दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत: ओढायचा नाही आणि कात्रीने कापायचा नाही. कापलात तर एक टोक आत सरकून बसतं आणि मग ते नाकातून शोधत बसावं लागतं. फेर बुबुळावर घासू नये म्हणून नाकाच्या बाजूला कागदी चिकटपट्टीने हलकेच चिकटवा आणि डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा ते नाकातून ओढून तो जागेवर बसवतात.

इतर त्रासांत, नळीचा फेर घट्ट बसला असेल तर तो छिद्राची कड हळूहळू चिरत जातो, जसा दोरा चीज कापतो. आतल्या बाजूला मांसाचा लालसर कोंब वाढू शकतो. सळई घालताना वाट चुकून खोटा बोगदा पडू शकतो, हा घालणाऱ्या हाताचा प्रश्न. म्हणून पापण्या आणि अश्रुमार्ग हेच काम नेहमी करणारा सर्जन शोधलात तर बरं. यातली बरीचशी दुखणी तपासणीला वेळेवर गेलात तर लवकर सापडतात.

नळी किती दिवस ठेवायची यावर डॉक्टरांत मतं वेगळी आहेत, बहुतेक जण ३ ते ६ महिने म्हणतात, काही आधीही काढतात. केमोमुळे आलेलं अरुंदपण असेल तर जास्त ठेवण्याकडे कल असतो. काढणं घालण्याच्या मानाने काहीच नाही: थेंब टाकून बधीर करतात, कोपऱ्यातला फेर कापतात, नाकातून ओढून घेतात. पण काढायची तारीख घरातल्या दोघांना सांगून ठेवा आणि कॅलेंडरवर लिहा. हसू नका, त्रास थांबला की नळी आहे हेच लोक विसरतात, आणि वर्षानुवर्षं राहिलेली नळी नंतर जंतू धरते, कोंब वाढवते.

गुण येईल का? वाट अरुंद आहे पण बंद नाही, पू नाही, पिशवी फुगलेली नाही, अशा माणसात नळीने फायदा होण्याची शक्यता चांगली असते. तुमच्या पत्रावरून तुम्ही याच गटात बसता. तेच खालची नलिका पूर्ण बंद असेल, किंवा कोपरा दाबल्यावर चिकट पाणी उलट येत असेल, तर मोठ्या माणसात नळी घालून वेळ घालवू नये, सरळ डीसीआर करावं, असं माझं मत आहे. तिथे शेजारच्या बाई बरोबर. नळीने नाही भागलं तरी डीसीआरचा रस्ता पुढे खुला राहतो, आणि गरज पडली तर डीसीआर करतानाही नळी घालतात. लहान उपाय आधी करून बघण्यात तुमचं फारसं जात नाही.

घाईबद्दल मात्र जरा स्पष्ट बोलतो. डोसेटॅक्सेल चालू असतानाच पाणी येऊ लागलं तर लवकर नळी घालण्याचा सल्ला देतात, कारण वरच्या बारीक नलिका एकदा पूर्ण बुजल्या की त्या परत उघडणं फार कठीण. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट नाकात काचेची छोटी नळी कायमची बसवावी लागते. ती खरोखरच पन्हळीसारखी पाणी वाहून नेते, पण सरकते, तुंबते, आयुष्यभर सांभाळावी लागते. तुमचं औषध बंद होऊन तीन वर्षं होत आली, तेव्हा रोज काही बिघडत असेल असं नाही. उद्याच्या उद्या करा असं म्हणत नाही. पण ‘बघू पुढच्या वर्षी’ असंही करू नका. आज ‘थोडं घशात उतरतं’ ही तुमची जमेची बाजू आहे.

जाऊबाईंना सांगा, नातवाच्या बाबतीत त्यांनी केलं ते बरोबरच होतं. तान्ह्या बाळाच्या नलिकेच्या अगदी खालच्या टोकाशी एक पातळ पडदा उघडायचा राहून गेलेला असतो. पिशवीवर दाबून मालिश केलं की आतल्या पाण्याच्या दाबाने तो फुटतो, आणि बहुतेक बाळांचा वर्षाच्या आत आपोआपही उघडतो. तुमच्याकडे पडदा नाही, आवळलेली भिंत आहे. ती दाबून रुंद होत नाही.

मोतीबिंदूची काळजी तूर्त बाजूला ठेवा, पण क्रम लक्षात ठेवा. पिशवीत पाणी साचून जंतू वाढले असतील तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते डोळ्याच्या आत जाण्याची भीती असते, म्हणून आधी अश्रुमार्ग आणि मग मोतीबिंदू. तुमच्याकडे पू नाही, तरी मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांना हा सगळा इतिहास सांगाच. कोपऱ्याशी लाल, ठणकणारी गाठ आली, ताप आला, तर तेव्हा मात्र त्याच दिवशी दाखवा. जुनी माणसं ज्याला लासरू म्हणत तेच हे, त्याला आधी प्रतिजैविकं लागतात, सुजलेल्या वाटेत सळई घालत नाहीत. अश्रूंत रक्त दिसलं, किंवा न दुखणारी टणक गाठ कोपऱ्याच्या वरच्या अंगाला जाणवली, तरीही थांबू नका. हे क्वचित असतं, पण तुमच्या फाईलमध्ये कर्करोग आहे म्हणून लिहून ठेवतो.

नळीचं ठरलं की कर्करोगाच्या डॉक्टरांनाही कळवा. परवानगीसाठी म्हणून नव्हे, केमोनंतर पाणी सुरू झालं ही नोंद तुमच्या कागदांत असायला हवी आणि त्यांच्या पुढच्या रुग्णाच्या कामालाही यायला हवी.

राहिली घरच्यांची गोष्ट. केमो झालेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की कुणाला नलिका आठवत नाही. ते आपले हळूच दुसऱ्या खोलीत जातात, विषय बदलतात, तुमच्यासमोर आवाज जपून लावतात. तुम्हालाही कधीतरी शंका आली असेल की आपण खरंच रडतोय का. पुढच्या तपासणीला मुलाला किंवा सुनेला बरोबर घेऊन जा आणि नारिंगी रंगाची तपासणी त्यांच्यासमोर करू द्या. ५ मिनिटांनी रंग तसाच साचलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की मग तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि एखाद्या दिवशी खरंच रडावंसं वाटलं तर तेही करा. नळी असताना रडायला हरकत नाही, फक्त डोळे नाकाकडे टिपा.

फाईल सापडली की औषधाचं नाव कळवा. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहा, जाता जाता नको.